सावरटोला रीठ

वांजिरूने चहाचा ग्लास गाडीच्या बॉनेटवर ठेवला, मोबाइल इकराच्या नाकापुढे धरला आणि नकाशावरच्या लाल ठिपक्याशी नख नेलं.

“मले इथी जायचं हाय.”

इकराने डोळे बारीक केले. हिरव्या-तपकिरी पसाऱ्यात त्या ठिपक्याशिवाय तिला काही दिसेना.

“तिथी काय हाय?”

“घर.”

“घरं का चंद्रपुरात नव्हती? मी तुले मार्कंड्याचं देऊळ दाखवाले आनलं. वैनगंगेच्या काठावर हाय, शेकडो वर्षं जुनं. तुहं हे घर किती जुनं हाय?”

“माहीत नाई. म्हणून तर जायचं.”

गोंडपिपरीच्या फाट्यावर नोव्हेंबरातली रविवारची सकाळ नुकती कुठे ऊब धरत होती. चहावाला मघापासून वांजिरूच्या बारीक वेण्यांकडे पाहत होता आणि तिची मराठी ऐकून पुन्हा पुन्हा चमकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही.

“बाईचं नाव काय मनलं?”

“वांजिरू.”

“वंजारी?” तो खूश झाला. “मंग जिवतीकडच्या असान.”

“हाव, जिवतीच्या थोडं पलीकडं,” इकराचा मोठा भाऊ रईस स्टेअरिंगमागून म्हणाला. “केनिया.”

चहावाल्याने समजल्यासारखी मान डोलावली आणि ग्लास विसळायला घेतले.

वांजिरूला नैरोबीहून नागपूरला नकाशाशास्त्र शिकायला येऊन दीड वर्ष झालं होतं. होस्टेलात तिच्या खोलीत इकरा शेख आली, आणि इकराबरोबर मराठी आली. ती पुस्तकातली नव्हे. वांजिरू ‘का’ला ‘काऊन’ म्हणायची आणि इकडच्या बाया बोलतात तशी ‘मी आलो, मी गेलो’ करायची. शेखांच्या घरात बोलणं हिंदीतलं. पण या दोन दिवसांत पाहुणीसाठी इकराच्या अम्मीनेही आपली मराठी घासूनपुसून बाहेर काढली होती.

ही सगळी खटपट इकराची. होस्टेलातल्या मुली तिला विचारायच्या, चंद्रपुरात ऊन आणि कोळसा सोडून आहे काय? इकराला ते फार लागलं होतं. म्हणून मैत्रिणीला शनिवार-रविवार घरी आणताना तिने वहीच्या पानावर अकरा ठिकाणं लिहून काढली होती. किल्ल्याचे चारही दरवाजे झाले, गोंड राजांच्या समाध्या झाल्या. पहाटे उठून ताडोबा झालं. वाघ दिसला नाही, पण ओल्या मातीत उमटलेला ताजा पंजा दिसला. गाइड श्वास रोखून तो दाखवत होता, तेव्हा वांजिरू म्हणाली, “आमच्या शहराले लागूनच सिंह राह्यतात. शाळेच्या बसमधून दिसायचे.” गाइडचा चेहरा पडला आणि इकराचा त्याहून जास्त पडला.

पाहुणी गुणी होती. सगळं मन लावून पाहायची, जिथे सांगाल तिथे चपला काढायची आणि निघताना एवढंच म्हणायची, “बेस हाय.” किल्ला बेस, समाध्या बेस, अम्मीची बिर्याणीही बेस. त्या ‘बेस’चा इकराला आता राग येऊ लागला होता. मार्कंडा हा तिचा हुकमाचा एक्का होता, आणि तो टाकायच्या वेळेला हे घर मध्ये आलं.

घराची भानगड तिला माहीत होती. सगळ्या वर्गालाच माहीत होती. वांजिरूला उपग्रहाच्या छायाचित्रांवरून इकडच्या चौसष्ट ओसाड गावांचा नकाशा करायचा होता. दप्तरात अशा गावाच्या नावापुढे ‘रीठ’ लिहितात. रीठ म्हणजे उठलेलं गाव. त्याला नाव असतं, शीव असते, फक्त माणूस नसतो. वांजिरूने त्रेसष्ट गावांपुढे घरं शून्य लिहिली आणि सावरटोला रीठ या गावापुढे एक. तिला तिथे टिनाचं छप्पर दिसलं होतं आणि छपरापुढे झाडलेलं अंगण. पाथोडे सरांनी भर वर्गात तो ठिपका पडद्यावर मोठा केला आणि विचारलं, “रीठ या शब्दाचा अर्थ तुला कळतो का?” वर्ग हसला. हा नकाशा पुढे सरकारी कचेरीत जायचा आहे, तिथे असला पोरखेळ चालत नाही, असं सर म्हणाले. सोमवारपर्यंत पुरावा आण, नाहीतर ठिपका काढ आणि चौसष्ट गावं पहिल्यापासून पुन्हा तपास. म्हणजे तीन आठवड्यांचं काम पाण्यात.

“एक फोटो काढायचा, सरांले पाठवायचा, मंग तुहं देऊळ,” वांजिरू म्हणाली. “घर हाय तर हाय, इकरा. ते हसले म्हणून हायचं नाई होत नाई.”

हट्टी माणसापुढे शहाणपण चालत नाही. त्यातून वर्ग हसला तेव्हा इकराही हसली होती, थोडीशी. ते तिला आठवलं आणि तिने रईसला मान हलवून खूण केली.

डांबर संपलं, मग खडी संपली, आणि शेवटी बैलबंडीची चाकोरी तेवढी राहिली. रईस प्रत्येक दगडाला अल्लाचं नाव घेत होता. “चेंबर फुटलं ना, त अब्बू मले फोडतीन,” असं तो तीनदा म्हणाला आणि नाला आल्यावर त्याने गाडी बंदच केली.

“इथून पुढं तुमी जा. मी गाडी राखतो.”

“कोनापासून?” इकराने विचारलं.

रईसने सीट मागे पाडली आणि डोळे मिटले.

धान कापून झालं होतं. रिकाम्या बांध्यांत धसकटं उभी होती आणि लांबवर धानाचे पुंजणे रचलेले दिसत होते. पायवाट झुडपात शिरली. वांजिरू मोबाइलकडे पाहत पुढे चालली होती; इकरा मागून ओढणी काट्यांतून सोडवत येत होती आणि मनातल्या मनात देवळाच्या वाटेला किती उशीर होतो आहे ते पाहत होती. मग तीच आधी थांबली.

“गाव आलं.”

“कुठी?”

इकराने वर बोट केलं. पाच-सहा जुन्या चिंचा ओळीने उभ्या होत्या.

“जंगलात चिंचा अशा रांगेत राह्यत नाई. कोनी तरी लावल्या.”

ते एकदा दिसल्यावर बाकीचंही दिसायला लागलं. गवतात घरांच्या जोत्यांचे दगड होते. एक उखळ जमिनीत गळ्यापर्यंत बुडालेलं होतं. विहिरीच्या तोंडाशी पिंपळ फुटला होता, पण दोराने घासलेला दगड गुळगुळीत होता. इकरा त्या दगडावर हात ठेवून उभी राहिली. चंद्रपुरात जन्म गेला, पण असं काही तिने कधी पाहिलं नव्हतं. झाडाखालच्या मातामायेच्या दगडाला ताजा शेंदूर होता.

“एक!” पुढून वांजिरू ओरडली. “इकरा, एक!”

चिंचांच्या मागे टिनाचं छप्पर होतं. अंगण शेणाने सारवलेलं, बाजेवर मिरच्या वाळत घातलेल्या, आणि साठीची एक बाई सुपाने धान पाखडत होती. वांजिरू अंगणाच्या कडेला उभी राहून त्या बाईकडे अशी पाहत होती, की तो चेहरा पाहून इकराला हसू आलं. ताडोब्यातल्या पंजाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नव्हतं.

“कोन व्हय?” बाईने विचारलं.

“आमी नागपूरहून आलो, बाई. म्हंजे मी केनियातून. पन आत्ता नागपूरहून.”

बाईने सूप खाली ठेवलं, वांजिरूला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जे विचारायचं होतं ते मागे ठेवून म्हणाली, “मंग उन्हात काऊन उभ्या? बसा ना. पानी आनतो.”

तिचं नाव वच्छला. नवरा सोमाजी बोडीवर गेला होता, मागच्या लहान तळ्यावर. पाणी पिऊन होतं तोवर तो टोपलीभर शिंगाडे घेऊन आला. पाहुण्या पाहून त्याने टोपली सरळ बायकोकडे दिली आणि तिने सरळ चुलीवर पाण्याचा गंज चढवला. कोण, कुठल्या, कशाला, हे शिंगाडे शिजेपर्यंत कोणी विचारलं नाही.

“गाव कधी उठलं, भाऊ?” वांजिरूने विचारलं.

“आज्याच्या वक्ताले. हैज्याची साथ आली. घरोघरी मानूस गेला. उरले ते नाल्याच्या पलीकडं गेले, तिथी नवं गाव बसवलं.”

“म्हंजे गाव उठलं अन् पलीकडं जाऊन बसलं.”

वच्छला हसली. “मानसं गेली, माय. गाव कुठी जाते? हे काय, इथीच हाय.”

“अन् तुमी?”

“आमी जागलीले आलो होतो,” सोमाजी म्हणाला. “डुकरं धान ठेवत नव्हती. राखन कराले मनून हे खोपडं टाकलं. नऊ सालं झाली.”

“पलीकडं पोरगा हाय, सून हाय, पक्कं घर हाय,” वच्छला म्हणाली. “भांडन नाई कोनाशी. पन इथलं पानी गोड लागते. अन् मातामाय एकटी होती इथी.”

सालं काढलेले पांढरे, गरम शिंगाडे पळसाच्या पानावर आले. वांजिरूने एक तोंडात टाकला, डोळे मिटले आणि लगेच दुसरा उचलला. इकरा ‘बेस’ची वाट पाहत होती.

मग वांजिरूने मोबाइल काढला. “बाई, हे पाहा. तुमचं घर, वरून.”

वच्छलाने पदराला हात पुसले आणि मोबाइल दोन्ही हातांनी धरला. आधी तिला काही कळेना. वांजिरूने चित्र मोठं करून दिलं, तशी ती एकदम ओरडली.

“हे माही बाज! अन् हे लाल लाल मिरच्या हो! मागच्या सालच्या. पाहा ना जी, वरून कसं दिसते आपलं.” तिने नवऱ्याचा हात ओढला. “अन् हा ठिपका कायचा?”

“ते तुमी,” वांजिरू म्हणाली. “चौसष्ट गावं हायेत या नकाशात. सगळी शून्य. फक्त तुमी एक. मी लिवलं, तर सर म्हणाले खोटं हाय. आता फोटो दाखवतो त्यायले.”

“आमाले लिवलं जी हिनं,” वच्छला नवऱ्याला म्हणाली. तिचा आवाज हलका झाला होता. “इतक्या दूरून येऊन.”

सोमाजीच्या हातातला शिंगाडा अर्धा सोलून राहिला.

“हे कोनाले दिसते, पोरी?”

“उद्या सरांले. मंग सरकारी हापिसात जाईन.”

त्याने चुलीतलं लाकूड आत सारलं. बोलला तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

“कागदावर आमी पलीकडच्या गावात राह्यतो. राशन तिथी, वोट तिथी. इथी कागदावर कोनी नाई, मनून इथी कोनी येत नाई. तुह्या नकाशात एक घर आलं, का एक साहेब येईन. तो वाईट राहीन असं नाई मनत मी. पन तो इचारन, कोनाच्या परवानगीनं बसले? मंग आमी काय सांगावं? पानी गोड हाय?”

त्याने अर्धा शिंगाडा पानावर ठेवला.

“ठिपका पुसता येते का?” सोमाजीने विचारलं.

“येते,” वांजिरू म्हणाली. “पन घर हाय ना, भाऊ.”

“हाय. मनून तर मनतो.”

वच्छला अजून मोबाइलमध्ये पाहत होती. तिने आपल्या बाजेवरून, मिरच्यांवरून एकदा अंगठा फिरवला. चित्र सरकलं, घर बाजूला गेलं आणि नुसतं जंगल आलं. तिने मोबाइल पालथा करून वांजिरूच्या मांडीवर ठेवला.

“शिंगाडे थंडे होऊन राह्यले,” ती म्हणाली. “खा.”

वांजिरूने मोबाइल उचलला. इकराला तिचा अंगठा दिसत होता, कॅमेऱ्याच्या खुणेपासून बोटभर दूर. एक दाब, आणि सोमवारी वर्गाची तोंडं बंद. वांजिरू किती रात्री त्या छपराकडे पाहत बसली होती ते इकराला माहीत होतं, आणि वर्ग हसला त्या दिवशी ती जेवली नव्हती, तेही माहीत होतं. सकाळी इकराच म्हणाली असती, काढ फोटो आणि चल लवकर. आता तिला त्या अंगठ्याची भीती वाटली. या दोन म्हाताऱ्यांचा आणि आपला काय संबंध, असं तिने स्वतःला विचारून पाहिलं. त्याने भीती काही कमी झाली नाही.

वांजिरूने मोबाइल पिशवीत टाकला आणि चेन लावली.

निघताना वच्छलाने करंडा आणून वांजिरूच्या कपाळाला कुंकू लावलं. इकरापुढे ती जरा थबकली.

“तुमच्यात चालते का, माय?”

“कुंकू नाई चालत, बाई. शिंगाडे चालतात.”

वच्छला खळखळून हसली आणि तिने उरलेले सगळे शिंगाडे इकराच्या ओढणीत ओतले. सोमाजी चिंचांपर्यंत पोचवायला आला. काय ठरवलं, ते त्याने विचारलं नाही.

“पुन्हा येजो,” तो म्हणाला. “मार्गशीर्षात. तवा बोरं राह्यतात.”

परतीच्या वाटेवर इकरा ओढणीतले शिंगाडे सांभाळत चालली. नाल्याजवळ आल्यावर वांजिरूने एका दगडावर बसून मोबाइल काढला, नकाशा उघडला आणि लाल ठिपक्यावर बोट दाबून धरलं. ठिपका गेला. ती तशीच पाहत बसली.

“तीन हप्ते पुन्हा बसा लागन तुले,” इकरा म्हणाली.

“हाव.”

“अन् ते पुन्हा हासतीन.”

“हासू दे.” वांजिरूने नाक पुसलं. “मले माहीत हाय ना.”

तेवढ्यात नेटवर्क आलं आणि पहिला फोन पाथोडे सरांचा आला. वांजिरूने स्पीकर लावला आणि तिचा चेहरा उतरला. तिचं एक वाईट होतं. खोटं बोलायची वेळ आली, की तिची मराठी संपायची, आणि तिच्यामागे इंग्रजीही.

“काय मग, गेलीस का सावरटोल्याला?” सर मजेत होते.

“गेलो, सर.”

“राहतं का कोणी?”

वांजिरूने तोंड उघडलं आणि मिटलं.

“हॅलो? वांजिरू, कोणी आहे का तिथे?”

इकराने एका हाताने ओढणी सावरली आणि दुसऱ्या हाताने मोबाइल ओढून घेतला.

“सर, मी इकरा शेख.” तिने कॉलेजातली मराठी काढली. “तिचा आवाज कटतोय. आम्ही आत्ताच पाहून आलो. कोणी नाही.”

“मग ते छप्पर कसलं?”

“गुरांचा पडका कोठा आहे, सर. टिनाचे पत्रे तेवढे राहिलेत.”

“आणि झाडलेलं अंगण?”

“गुरं बसून बसून जमीन चोपली गेली आहे. वरून सारवल्यासारखी दिसते.”

“नक्की ना? पुढे कागदावर जायचं आहे हे.”

“मी इथलीच आहे, सर. रीठ कशाला म्हणतात ते मला कळतं.”

सर मनापासून हसले. मी काय म्हणालो होतो, असं ते दोनदा म्हणाले. वांजिरूला सांग, ठिपका काढायचा आणि सगळी गावं पुन्हा पहिल्यापासून.

“करतो, सर,” वांजिरू दगडावरून मोठ्याने म्हणाली. हे वाक्य तिला नीट जमलं.

जिंकलेल्या माणसाला दया लवकर येते. सरांचा आवाज मऊ झाला.

“रविवार वाया गेला गं तुमचा. एवढ्या लांब गेलात, काही पाहण्यासारखं तरी होतं का तिकडे?”

इकराने मागे वळून पाहिलं. चिंचांच्या शेंड्यांवरून चुलीचा धूर सरळ वर चालला होता.

“नाही, सर,” ती म्हणाली. “काहीच नाही.”